बिनचहाचा माणूस

भाऊ लग्नाच्या मांडवात शिरले की दोन-चार पाहुणे मागच्या बाजूनं पसार व्हायचे. एकदा तर खुद्द नवरदेवाचा काका मुठीत अक्षता घेऊन तुरीच्या शेतात जाऊन बसला होता. भाऊ कोर्टात बेलीफ होते. उभी नोकरी समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव हिंडण्यात गेली, त्यामुळे भाऊ दिसले म्हणजे कोर्टाचा कागद आला, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि भाऊ बिचारे आहेराचं पाकीट घेऊन आलेले असायचे. "काय बे," ते मला म्हणायचे, "मी काय सदा ड्यूटीवरच असतो काय?"

पण आमच्याकडची एक रीत आहे. दारात आलेला माणूस, मग तो जावई असो की जप्तीवाला, कोरडा जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे व्हायचं असं की भाऊंनी कागद पुढे केला की घरधनी आधी पळायला बघायचा, मग सापडायचा, मग सही करता करता स्वतःच्या भावाला, वकिलाला आणि नशिबाला शिव्या द्यायचा, आणि शिव्या संपल्या की आत तोंड करून ओरडायचा, "चाय ठेव वं, साहेब आले." चहाच्या मागून भाकर यायची, भाकरीच्या मागून ठेचा, आणि बाई जरा मायाळू निघाली तर भरल्या वांग्याची भाजी. असे दिवसाकाठी तीन गावं. भाऊंचा नियम एकच होता, अन्नाला पाठ दाखवायची नाही.

उंद्रीकडे एकदा ते म्हशीची जप्ती करायला गेले होते. म्हैस आदल्या दिवशीच व्यालेली. भाऊ गोठ्यात गेले, रेडकाच्या पाठीवरून हात फिरवला, ओट्यावर येऊन बसले, ताटभर खरवस खाल्ला आणि हात हलवत परत आले. वरच्या साहेबांनी झाप झाप झापलं. भाऊंचं म्हणणं एवढंच, "ओली बाळंतीण हाय साहेब. कशी आनू?"

असं करत करत भाऊंचं पोट वाढलं. साधं नाही, अगडबंब. एस.टी.त ते दोघांच्या सीटवर एकटे बसायचे आणि तिसरा येऊन टेकला तर त्याची माफी मागायचे. मी त्यांचा शेजारी, पोस्टात काउंटरवर बसून बसून माझंही बूड काही लहान राहिलेलं नव्हतं, पण भाऊंशेजारी उभं राहिलं की मी सडपातळ दिसायचो, म्हणून मला त्यांची सोबत आवडायची. कुणी पोटावरून बोललंच तर ते पोटावर हात ठेवून म्हणायचे, "हे माह्यं नोहे बाप्पा. जिल्ह्याचं हाय. मी नुसतं सांभाळून राह्यलो."

वहिनी मात्र हसायच्या नाहीत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. काडीसारखी बाई आणि जिभेला धार अशी की भाजीवाला आपणहून भाव कमी करायचा.

भाऊ रिटायर झाले त्याच वर्षी वहिनींच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की नवऱ्याची किडनी जुळते आहे, पण नवरा असा हत्तीएवढा असताना त्याला आम्ही टेबलावर घेणार नाही. निदान वीस किलो उतरवा, दिवाळीनंतर या. फार उशीर मात्र करू नका, डायलिसिससाठी बाईंच्या हाताला जोडलेली शीर किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही.

"मले नको यायची किडनी," वहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं. "आख्खा जनम तेलात तळून काढली त्यायनं."

हे बोलणं जगासाठी होतं. दोन दिवसांनी कुंपणाच्या भिंतीवर वाळवण घालता घालता त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, टेबलावर यायले काई झालं तं? मंग ते किडनी घेऊन मी काय करू?" आणि मी काही बोलायच्या आत परात उचलून आत गेल्या. जाताना बजावलं, "आन् माह्या आजाराची दवंडी पिटू नका म्हना त्यायले. मले कोनाची कीव नको."

भाऊ फिरायला लागले. तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी अंथरुणातच राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्यानं चालनं म्हंजे एकतर्फी दावा हाय. मजा नाई येत. समोरची पार्टी पाह्यजे."

समोरची पार्टी म्हणून त्यांनी तिघांना धरलं. एक मी. दुसरा कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मालक, ज्याच्या कचोरीवर आमचा अर्धा मोहल्ला पोसला गेला आणि तो स्वतः पाऊण. तिसरे शाळेतले पीटीचे मास्तर, ज्यांनी सगळी नोकरी खुर्चीत बसून शिट्टी फुंकण्यात घालवली. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, आणि तिघांचीही खाली वाकून बुटाची नाडी बांधायची सवय सुटलेली. आम्ही हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

बुलढाण्याची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांनी मला नावं ठेवू नयेत. पहाटे पाचला या पठारावर जो वारा सुटतो, त्यात गोधडीतून पाय बाहेर काढणं हा मूर्खपणा आहे. पहिल्या दिवशी मी गेलोच नाही. भाऊंनी बेल वाजवली नाही, हाक मारली नाही. काळी घोंगडी पांघरून माझ्या दाराच्या पायरीवर बसले. झाडायला म्हणून बायकोनं दार उघडलं तर हा ढिगारा.

"अगं बाई! भाऊ! या न आत. चहा ठेवतो."

"नको ताई. मी चाय घेनार नाई."

"काऊन? काई चुकलं का आमचं?"

"तुमचं नाई चुकलं. तुमच्या मालकाचं चुकलं. थे फिराले निंगतीन, मंग पाहू."

पुढचं मी गोधडीतून ऐकलं. म्हणजे ऐकावंच लागलं, कारण बायकोनं गोधडी ओढून घेतली होती. "उठा! भाऊ दारात बिनचहाचे बसून राह्यले! समोरची पाह्यते खिडकीतून! काय म्हनतीन लोक, पोस्टवाल्याच्या बाईनं चहा इचारला नाई!"

"तू विचारलास ना?"

"इचारून काय होते? घेतला काय त्यायनं?"

मी उठलो. आयुष्यभर ज्यांनी दारोदार चहा प्यायला त्यांना बरोब्बर ठाऊक होतं की आमच्याकडे नोटीस, जप्ती, पोलीस, सगळं माणूस सहन करतो, पण दारातून एक जण चहा न घेता उठून गेला हे काही घरच्या बाईला सहन होत नाही. आणि फिरून आल्यावर तरी प्यावा? तेही नाही. "उद्या पाहू ताई," म्हणून निघून जायचे. तारीख पडायची. माझी बायको बिचारी रोज आलं ठेचून तयार.

हॉटेलवाल्यानं आठ दिवस दाद दिली नाही. भाऊ पुढच्या पायरीवर बसले की तो मागच्या दारानं हॉटेलात जायचा. नवव्या दिवशी मागच्या दारात भाऊ बसलेले. अरे, ज्याच्यापुढे अख्खा तालुका मागच्या दारानं पळाला, त्याला तू मागचं दार शिकवणार? मास्तरांचं मात्र कौतुक. ते पहिल्याच दिवशी पांढरी पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून हजर. मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, "चला, सुरू करा." त्यांनी स्वतः चालायचं असतं हे त्यांना समजावण्यात आमची पहिली सकाळ गेली.

पुढे आम्ही राजूर घाटाच्या रस्त्यानं जायला लागलो. भाऊ पुढे, डुलत डुलत, अंगावर ती काळी घोंगडी, डोक्याला माकडटोपी. एका दूधवाल्यानं धुक्यात त्यांना पाहिलं आणि अस्वल, अस्वल ओरडत सायकल टाकून पळाला. तिकडे अस्वलं आहेतच, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दुधाचे पैसे हॉटेलवाल्यानं भरले आणि आम्हाला महिनाभर ऐकवलं.

चालताना भाऊ बोलायचे ते फक्त खाण्याबद्दल. प्रत्येक गाव त्यांना जेवणावरून आठवायचं. कुठल्या गावच्या म्हातारीचे रोडगे कसे खुसखुशीत, कुठे कढीला मेथीची फोडणी, कुठल्या पाटलाकडे साजूक तुपाची धार नको म्हटल्याशिवाय थांबत नसे आणि आपण कसं कधीच नको म्हटलं नाही. पोटात कावळे कोकलत असताना हे ऐकणं म्हणजे छळ होता. मास्तर शिट्टी फुंकून त्यांना गप्प करायचे.

वजन हॉटेलातल्या काट्यावर व्हायचं, बटाट्याच्या पोत्याशेजारी. आधी काटा भराभर उतरला. भाऊ पट्ट्याला नवीन भोक पाडून आले तेव्हा आम्ही बिनसाखरेच्या चहानं पार्टी केली. मग पावसाळ्यात काटा अडला तो हलेचना. चालणं चालू, भाकरी अर्धी, तरी काटा जागच्या जागी. आम्ही हॉटेलवाल्यावर संशय घेतला, त्यानं काट्यावर हात ठेवून लेकराची शपथ घेतली. शेवटी भाऊंनीच सांगितलं. कुठे तेरवी, कुठे बारसं, कुठे वास्तू. जावं लागतं आणि गेलं की नको म्हणता येत नाही. "तुमाले नको म्हनता येते बे. मले नाई. मी त्यायच्या घरी कागद घेऊन गेलो तरी त्यायनं मले जेवाले घातलं. आता कोन्या तोंडानं नको म्हनू?"

वहिनींच्या हाताची शीर त्याच सुमारास एकदा बंद पडली. दुसऱ्या हाताला नवी करावी लागली. भाऊ त्या दिवशी फिरायला आले, पण सगळ्या रस्त्यात एका गावाचं नाव काढलं नाही.

दिवाळी झाली आणि दुसरबीडहून लग्नाची पत्रिका आली. ज्या घरी भाऊंनी वर्षानुवर्षं बांधाच्या भांडणाचे कागद पोचवले, त्या घरची मुलगी. बाप स्वतः आमंत्रण द्यायला आलेला, न जाऊन कसं चालेल? आम्ही तिघं बरोबर गेलो, राखणीला. पंगत बसली. भाऊंनी ताटात भाकर आणि काकडी एवढंच घेतलं. तेवढ्यात मुलीचा बाप स्वतः जिलबीचं ताट घेऊन आला.

"भाऊ, एक."

"नको पाटील."

"अरे! माह्या दारी कोर्टाचा कागद घेऊन आले तवा पोटभर जेवले, आन् आज पोरीच्या लग्नात एक जिलबी जड झाली? राग हाय काय मनात?"

"राग नाई हो."

"मंग घ्या."

आजूबाजूचे हात थांबले. वाढपी थांबले. घरची म्हातारी काठी टेकत आली, काय झालं ते तिनं विचारलं आणि तिथंच भाऊंपुढे बैठक मारली. "थ्या मानसानं घास घेतला नाई तं मी बी घेत नाई." म्हातारी घेत नाही म्हटल्यावर तिचे दोघे मुलगे ताटावरून उठले. मुलगे उठले म्हणून व्याही उठला. व्याही उठला हे पाहून मुलीच्या आईनं आत डोळ्याला पदर लावला. एका जिलबीपायी लग्न मोडायची पाळी! मुलीच्या बापानं जिलबी भाऊंच्या हातात कोंबली. भाऊंनी जिलबीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. हॉटेलवाल्यानं डोळे मिटून घेतले.

भाऊंनी जिलबी ताटात ठेवली आणि उभे राहिले. कोर्टात नावाचा पुकारा ऐकून ऐकून तो आवाज त्यांच्याही गळ्यात बसला होता, तो त्यांनी लावला. "ऐका हो! माही बायको आजारी हाय. तिले माही किडनी द्याची हाय. हे पोट उतरलं तंच डाक्टर घेतीन. म्या हे जिलबी खाल्ली तं थे मरते. आता सांगा, खाऊ का?"

म्हातारी उठली, भाऊंच्या ताटातली जिलबी उचलली आणि ओरडली, "उचला रे! समदं उचला याच्या म्होरून!" वाढप्यांनी भाकर उचलली, काकडी उचलली, ताट उचललं, घाबरून पाण्याचा गिलासही उचलला. भाऊ नुसतेच मांडी घालून बसले. मग म्हातारीनं स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढे ज्वारीची एक भाकर आणि भाजलेलं वांगं ठेवलं आणि खाऊन होईतो समोर बसून राहिली.

आठ दिवसांत ही गोष्ट जिल्हाभर झाली. आणि मग भाऊंचे जे हाल सुरू झाले! कुठल्याही गावच्या टपरीवर गेले की टपरीवाला दोन्ही हात जोडायचा, "तुमाले चाय नाई भेटनार भाऊ." स्टँडवर एका परक्या माणसानं त्यांच्या हातातली भजी हिसकावली, आणि ती भजी माझी होती, भाऊ नुसती धरून उभे होते. तेरवीला गेले तर पंगतीच्या टोकाला त्यांच्यासाठी वेगळी काकडी कापलेली असे. काटा उतरू लागला. ज्यांनी चढवलं त्यांनीच उतरवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आजाराची दवंडी पिटली म्हणून वहिनी आधी भाऊंवर भडकल्या. मग गावोगावच्या बायका भेटायला येऊ लागल्या आणि त्यांचा राग भलतीकडेच वळला. "पाह्यलं भाऊजी? आजारी मी. आन् येनारी-जानारी यायचंच पोट इचारते. माह्याकडे कोनाचं ध्यान हाय?"

दिवाळीनंतरचं शिमग्यापर्यंत गेलं, पण वजन झालं. डॉक्टर खूश. आता एकच राहिलं होतं. अशा देण्या-घेण्याआधी दवाखान्यातली कमिटी नवरा-बायकोला बसवून विचारते आणि सगळं कॅमेऱ्यात घेते. शेजारी म्हणून मी सोबत गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊ आत गेले आणि पाचच मिनिटांत एक मॅडम धावत बाहेर आल्या. "पेशंटबरोबर कोण आहे? हे काय सांगताहेत?"

झालं होतं असं, की साहेबांनी विचारलं, तुम्ही स्वखुशीनं देताय का, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? आणि भाऊ म्हणाले, "दबाव हाय साहेब. भल्ला दबाव हाय." कोणाचा? "साऱ्या जिल्ह्याचा."

कॅमेरा बंद. साहेब लोक एकमेकांकडे बघताहेत. मी आत जाऊन भाऊंच्या कानात म्हटलं, "अहो, नाही म्हणायचं असतं!" तर मोठ्यानं म्हणतात, "खऱ्याखोट्याचं इचारलं बे. जनम कोर्टात गेला माहा. खोटं कसं सांगू?" मग मीच सगळी हकिगत सांगितली, जिलबीपासून भज्यांपर्यंत. मधल्या डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. तरी नियम तो नियम, त्यांनी वहिनींना बोलावलं. "बाई, तुम्हाला यांची किडनी घ्यायची आहे ना?"

वर्षभर ही बाई नको नको म्हणत होती, आणि नवऱ्यासारखीच हिलाही तोंडावर खरं बोलायची खोड.

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पँट पट्ट्यानं कशीबशी धरलेली. "आंधी नको म्हनत होतो साहेब," त्या म्हणाल्या. "यायले काई झालं तं काय करू, म्हनून भेव वाटे. पन हा मानूस आमच्या घरच्या पायऱ्या चढतांनी तीन खेपा थांबे. आता माह्या आंधी चढून मले हात देते. मी नाई म्हनलं, तं हे उद्यापासून बसतीन पुन्हा खात. मंग मी बी जाईन आन् हे बी जातीन. घेतो मी. लिहा."

भाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, इतक्या जोरात की कॅमेरावाला दचकला.

ऑपरेशन नीट झालं. हॉटेलवाला आणि मास्तर दुकान-शाळा सोडून येऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी भाऊ टाके सांभाळत, भिंत धरून, आम्हाला भेटायला वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि तोच पुकाऱ्याचा आवाज लावला, "झाली! लघवी झाली तिले! भरपूर झाली!" अख्खा मजला मागे वळून पाहायला लागला. मास्तरांनी खिशातून शिट्टी काढली, ती नर्सनं जप्त केली.

मग चांगली वर्षं गेली. वहिनी आमच्यात आल्या आणि आमची दाणादाण उडाली, कारण त्यांना हळू चालताच येत नव्हतं. घाटापर्यंत त्या पुढे, भाऊ त्यांच्या मागे, आम्ही तिघं धापा टाकत सगळ्यांच्या मागे.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. झोपेतच, हृदयानं दगा दिला. किडनी दिली त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी वहिनींना तीनदा सांगितलं, कारण वहिनींनी तीनदा विचारलं. मला अजून पायरीकडे पाहवत नाही. चांगला माणूस होता हो. असा माणूस आम्हाला शेजारी मिळाला, आमची लायकी नव्हती.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं, न ठरवता, त्यांच्या फाटकाशी येऊन उभे राहिलो. हाक मारायची तर कुणाला? मास्तर जमिनीकडे बघत होते. परत फिरावं म्हणून मी वळलो, तोच दार वाजलं. वहिनी मफलर गुंडाळून, पायात बूट घालून बाहेर आल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "आज राहू द्या."

"राहू कसं देऊ भाऊजी? पाच वाजले का आतून ढुसन्या देते हा मानूस." त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला, डोळे पुसले आणि फाटक उघडलं. "चला. त्यायले फिरवून आनू."